निवासी व्यसनमुक्ती केंद्राचा दर्जा नेमका कशावरून ठरवायचा?

चार्टवाचक

व्यसनमुक्ती केंद्र बघायला गेलेले नातेवाईक इमारत बघतात, दिनक्रमाचा तक्ता वाचतात, संचालकांचं बोलणं ऐकतात आणि ठरवून टाकतात. यातलं काहीच वाईट नाही, पण यातून दर्जा कळत नाही. माझ्या मते केंद्राची खरी परीक्षा दोनच ठिकाणी होते. एक, दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या चार रात्री. दुसरी, घरी गेल्यानंतरचे पहिले चार आठवडे. मधला काळ कुठल्याही केंद्राला बरा दाखवता येतो. पेशंट खातो-पितो, झोपतो, गटात बसतो, वजन वाढतं, सगळे खूश.

पहिल्या चार रात्री का, तर दारूचं विड्रॉवल, म्हणजे नशा अचानक बंद झाल्यावर शरीराला होणारा त्रास, घड्याळ लावून येतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट यायचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत. डिलिरियम, म्हणजे बरळणं, भास होणं, दिवस-रात्र न कळणं, ताप, नाडी सुसाट, हे बहुतेकदा ४८ ते ९६ तासांत दिसतं. उपचार नसतील तर यात माणूस दगावतो. अफूवर्गीय पदार्थांचं (हेरॉइन वगैरे) विड्रॉवल जीव नकोसा करतं, पण प्रौढ, धडधाकट माणसाचा जीव त्याने थेट सहसा जात नाही. (उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं आणि कोणी लक्षच दिलं नाही तर मात्र जातो. अशा मृत्यूला 'विड्रॉवलमुळे' म्हणणं ही पळवाट आहे. तो दुर्लक्षाने झालेला मृत्यू असतो.)

म्हणून पहिली मागणी अशी करावी: नाव झाकून एखाद्या पेशंटचा पहिल्या तीन दिवसांचा निरीक्षण चार्ट दाखवा. नाव झाकूनही दाखवायला नकार दिला तर त्यांचा कोरा नमुना मागा. 'आमच्याकडे असा वेगळा चार्ट नसतो' हे उत्तर आलं तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.

चार्ट मिळाला तर रात्री १० ते सकाळी ६ या रकान्यांवर बोट ठेवा. नाडी ८२, ८२, ८२, ८४. रक्तदाब चारही वेळा १२०/८०. अक्षर एक, शाई एक, ओळीचा तिरकेपणासुद्धा एक. हा चार्ट सकाळी चहाच्या वेळी एका बैठकीत भरलाय. विड्रॉवलमधल्या माणसाचे आकडे रात्रभर सरळ रेषेत चालत नाहीत. खऱ्या चार्टमध्ये खाडाखोड असते. ३ वाजताच्या नोंदीशेजारी 'झोपला आहे, श्वास १६, उठवलं नाही' असं काहीतरी असतं, पहाटे दुसऱ्याच कोणाची सही असते.

---

निशाचर

चार्टबद्दल शंभर टक्के सहमत. थोडी भर.

दारूसाठी बऱ्याच ठिकाणी सीवा-एआर हे मोजमाप वापरतात. दहा मुद्दे, कमाल गुण ६७. मळमळ, थरथर, घाम, चिंता, अस्वस्थता, त्वचेवर मुंग्या किंवा किडे चालल्याची जाणीव, आवाज, दृश्यभास, डोकेदुखी आणि जागा-वेळेचं भान. गंमत म्हणजे यात नाडी आणि रक्तदाब नाहीत. ते वेगळे नोंदवावे लागतात, आणि नेमके तेच गाळले जातात. दुसरी मर्यादा: यातले बरेच मुद्दे पेशंटला विचारून भरायचे असतात. जो आधीच बरळतोय किंवा ज्याची भाषा ड्यूटीवरच्या माणसाला येत नाही त्याचे गुण कमी येतात आणि 'सौम्य' म्हणून त्याला सोडून दिलं जातं. अशा पेशंटला हे मोजमाप लावायचंच नसतं, डॉक्टरला उठवायचं असतं.

आता नेहमी काय चुकतं ते.

सगळ्यांना विड्रॉवल शमवणाऱ्या औषधाचा (बेंझोडायझेपिन वर्गातलं, जसं डायझेपाम) सरसकट एकच डोस. कोणी रोज पाव बाटली पिणारा, कोणी सकाळी उठल्यापासून पिणारा, दोघांना 'सकाळी एक, रात्री दोन'. पहिला गुंगीत पडून राहतो, दुसऱ्याला फिट येते. यकृत खराब असेल तर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम अंगात साचत जातं, तिथे लोराझेपाम बरं पडतं. म्हणजे दाखल करतानाच यकृताची तपासणी हवी. अहवाल यायला दोन दिवस लागणार असतील तर डोळ्यांचा पिवळेपणा, पोटातलं पाणी, पायांची सूज निदान हाताने तरी तपासलेली हवी.

आरडाओरडा करणाऱ्याला नुसतं हॅलोपेरिडॉलचं (भास-भ्रमांवरच्या औषधाचं) इंजेक्शन. बाहेरून माणूस शांत झालेला दिसतो, पण या औषधाने फिट येण्याची शक्यता वाढते आणि मूळ विड्रॉवल तसंच राहतं. त्याआधी बेंझोडायझेपिन पुरेसं गेलेलं हवं.

आणि सगळ्यात जुनी चूक: अशक्त दिसतोय म्हणून आल्या आल्या ग्लुकोजची सलाइन. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, जवळजवळ संपलेलं असतं. ग्लुकोज वापरायला शरीराला तेच लागतं. आधी थायमिन, मग किंवा सोबत ग्लुकोज. गोळीवर विसंबून चालत नाही, कारण पिणाऱ्याच्या आतड्यातून ती नीट शोषली जात नाही, सुरुवातीला इंजेक्शनच हवं. नाही दिलं तर वेर्निकेची मेंदूविकृती होऊ शकते: गोंधळ, झोकांड्या, डोळ्यांची हालचाल बिघडणं. तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्यांत दिसतात, त्यामुळे 'दारू उतरली नाही अजून' म्हणून सोडून देणं फार सोपं असतं. शंका आली तर बऱ्याच ठिकाणची पद्धत ५०० मिलिग्रॅम शिरेतून दिवसाला तीनदा अशी आहे, आणि ती रुग्णालयात. वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची जाते. साखर धोकादायक रीतीने कमी झाली असेल तर मात्र थायमिनची वाट बघत ग्लुकोज अडवून ठेवायचं नाही, हेही लक्षात असू द्या.

---

अर्धविराम

प्रश्न: केंद्रात डॉक्टर रोज राऊंड घेतात, एवढं पुरेसं मानायचं का? छोट्या केंद्रांना २४ तास डॉक्टर परवडणार कसा?

---

निशाचर

@अर्धविराम, राऊंड दुपारी १२ ला असतो, फिट पहाटे ३ ला येते. २४ तास डॉक्टर नसणं हा गुन्हा नाही. पण मग दोन गोष्टी बांधलेल्या हव्यात. एक, कोणाला दाखल करून घ्यायचं नाही हे लिहिलेलं हवं: पूर्वी विड्रॉवलमध्ये फिट किंवा डिलिरियम झालेलं, डोक्याला मार, ताप, कावीळ, गरोदरपण, छातीत दुखणं, भरपूर झोपेच्या गोळ्या. अशांचं डिटॉक्स (अंगातली नशा उतरवण्याचा पहिला टप्पा) रुग्णालयात, केंद्रात नंतर. जे केंद्र कधीच कोणाला परत पाठवत नाही, त्याच्यापासून सांभाळून.

दोन, रात्रीच्या माणसाला जागेवर काय करता येतं. ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून काढणारं यंत्र), पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, शिरेतून किंवा स्नायूत देण्याचं बेंझोडायझेपिन, नालोक्सोन (अफूवर्गीय पदार्थाचा ओव्हरडोस उलटवणारं औषध). ही सहा नावं विचारा आणि मग म्हणा, 'दाखवा'. ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, पण तो उघडायची किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरला कुलूप. ग्लुकोमीटर असतो, पट्ट्यांची मुदत संपलेली. फिट आली तर कूस बदलायची, तोंडात काही घालायचं नाही, वेळ मोजायची, ५ मिनिटांवर गेली तर आणीबाणी: हे रात्रीच्या माणसाला पाठ आहे का, ते त्यालाच विचारा, संचालकांना नव्हे.

---

टेकू

समुपदेशनाच्या बाजूने लिहितो. दाखल करतानाची मुलाखत ही पहिली पायरी, आणि निम्मे घोळ तिथेच होतात. 'काय घेतो?' 'दारू.' लिहिलं दारू, संपलं. प्रत्यक्षात पिणाऱ्यांपैकी अनेक जण झोपेसाठी डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम घेत असतात, अंगदुखीसाठी ट्रामाडॉल. कोणी विचारलंच नाही तर ते सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते 'औषध' असतं, व्यसन नव्हे.

परिणाम काय होतो ते बघा. दारूचे धोक्याचे चार दिवस निघून गेले, सगळे निर्धास्त झाले, निरीक्षण बंद केलं, आणि सहाव्या-सातव्या दिवशी अचानक फिट. डायझेपाम शरीरातून फार हळू बाहेर पडतं, त्याचं विड्रॉवल उशिरा येतं. ट्रामाडॉलचं आणखी वेगळं, त्याने जास्त डोसलाही फिट येते. म्हणून प्रत्येक पदार्थासाठी वेगळी ओळ हवी: काय, किती, किती वर्षं, दिवसातून किती वेळा, आणि शेवटचं कधी. 'शेवटचं कधी' तारखेने नव्हे, तासाने. सोबत लघवीची तपासणी, आणि नातेवाइकांना वेगळं बसवून तेच प्रश्न. दोन्हीकडच्या उत्तरांत फरक असणारच, तो वाद घालण्यासाठी नसतो, चार्टवर लिहिण्यासाठी असतो.

झोपेच्या गोळ्यांचं व्यसन असेल तर '२१ दिवसांत साफ' असं सांगणाऱ्याकडे जाऊच नका. दीर्घकाळ घेतलेल्या बेंझोडायझेपिनचा डोस थोडा थोडा, दर काही आठवड्यांनी ५ ते १० टक्के अशा गतीने उतरवतात. हे काम महिन्यांचं आहे आणि बरंचसं घरी राहूनच होतं.

---

दुसरी_बाजू

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक विरोधी मत. हेरॉइन सोडायला आलेल्याला ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (मोजून दिली जाणारी, स्वतः अफूवर्गीयच औषधं) देत राहणं म्हणजे एक कुबडी काढून दुसरी देणं. निवासी केंद्राचं काम माणूस पूर्ण मोकळा करणं आहे. नाहीतर दवाखाना आणि केंद्र यात फरक काय?

---

चार्टवाचक

@दुसरी_बाजू, हे मत अनेक केंद्रांचं अधिकृत धोरण आहे, त्यामुळे सविस्तर उत्तर देतो.

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती चालू असताना मृत्यूचं प्रमाण घटतं, याबद्दल आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो 'मोकळा' कशाला म्हणायचं यावर, आणि तिथे शरीराचं एक साधं गणित आडवं येतं. रोज घेणाऱ्याचं शरीर मोठ्या डोसला सरावलेलं असतं. केंद्रात तीन-चार आठवडे पूर्ण बंद राहिलं की हा सराव मोडतो, ओढ मात्र जात नाही. बाहेर पडल्यावर हात जातो तो जुन्याच डोसकडे, आणि तो डोस आता श्वास थांबवायला पुरेसा असतो. म्हणून केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले चार आठवडे अफूवर्गीय व्यसनात सर्वांत धोक्याचे मानले जातात. तुम्ही ज्याला यशस्वी डिटॉक्स म्हणता, त्यानेच हा धोका वाढवलेला असतो. औषधाविना घरी पाठवणं हा पेशंटने समजून-उमजून निवडलेला मार्ग असू शकतो. तो केंद्राने सर्वांवर लादलेला नियम असू शकत नाही.

औषध देण्याचा दर्जा हा वेगळा मुद्दा, आणि तिथे तुमच्या शंकेला जागा आहे. ब्युप्रेनॉर्फिन घाईने सुरू केलं तर ते अंगातल्या हेरॉइनला रिसेप्टरवरून (मेंदूतल्या ज्या जागी ते चिकटतं तिथून) ढकलून जागा घेतं आणि अर्ध्या-एक तासात भयंकर विड्रॉवल उसळतं. पेशंट म्हणतो 'या गोळीनेच मेलो' आणि पुन्हा कधी हात लावत नाही. आधी लक्षणं दिसायला हवीत. त्यासाठी काउज हे मोजमाप आहे, ११ मुद्दे, कमाल ४८. साधारण ८ ते १२ च्या पुढे गुण गेल्यावर पहिला छोटा डोस, २ ते ४ मिलिग्रॅम, मग थांबून बघायचं. हेरॉइननंतर निदान १२ तास तरी जातात, मेथाडोननंतर २४ ते ४८ किंवा त्याहूनही जास्त. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळायला पाच ते दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ कोणी समोर बसतं का, की हातावर ठेवून पुढच्या खाटेकडे जातात? गिळली तर परिणाम फारसा नाही, गालात ठेवून बाहेर काढली तर ती विकली जाते. सकाळच्या औषधाच्या वेळी दहा मिनिटं उभं राहून बघितलं तरी केंद्राची शिस्त कळते.

---

निशाचर

वरच्यात एक जोड: नाल्ट्रेक्सोनची (अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम अडवणाऱ्या औषधाची) घाई. अफूवर्गीय पदार्थ बंद होऊन ७ ते १० दिवस झाल्याशिवाय ते द्यायचं नसतं, मेथाडोन असेल तर त्याहून उशिरा. आणि गरोदर बाईचं अफूवर्गीय औषध एकदम बंद करून डिटॉक्स करायचं नाही, तिला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर ठेवतात. हे न माहीत असलेलं केंद्र स्त्रियांसाठी नाही, फलकावर काहीही लिहिलेलं असो.

---

कोपरा

औषधांवर चांगली चर्चा झाली. पण दर्जा म्हटलं की माझ्या मते पहिला प्रश्न दाराचा. दाराला कुलूप आहे का, आणि किल्ली कोणाकडे आहे?

बऱ्याच केंद्रांत संमतीपत्रावर सही नातेवाइकाची असते. प्रौढ माणूस शुद्धीवर असेल तर सही त्याचीच हवी. नशेत असताना घेतलेली सही नाममात्र, ती शुद्धीवर आल्यावर पुन्हा घ्यायची असते, आणि त्यात उपचार काय, किती दिवस, कोणते नियम, कधी सोडून जाता येतं, तक्रार कुठे करायची हे त्याच्या भाषेत लिहिलेलं हवं. डिलिरियमसारख्या अवस्थेत जिवाच्या धोक्यापायी थांबवून ठेवावं लागतं, मान्य. पण ते तासांचं किंवा दिवसांचं काम आहे, कारण लिहून, डॉक्टरच्या सहीने. तीन महिन्यांचं नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १२ संस्थांनी २०१२ मध्ये एकत्र निवेदन काढून सक्तीची डांबून ठेवणारी केंद्रं बंद करा असं म्हटलं होतं. ज्यांना तपासणीचा साचा हवा त्यांनी त्याच वर्षीचं जागतिक आरोग्य संघटनेचं क्वालिटीराइट्स साधन बघावं. उपचाराच्या बाजूसाठी याच संघटनेची आणि संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाची २०२० ची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत.

बांधून ठेवण्याबद्दल. शिक्षा म्हणून बांधणं हा मारहाणीचाच प्रकार आहे, त्यावर चर्चा नको. आणीबाणीत आवरावं लागलं तर: पालथं पाडून पाठीवर बसायचं नाही, त्याने श्वास कोंडून माणूस मरतो. एक माणूस फक्त डोकं आणि श्वास बघणार. झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर दर १५ मिनिटांनी श्वास, ऑक्सिजन, शुद्ध नोंदवायची. वेळ सुरू, वेळ संपली, कोणी ठरवलं, आधी काय करून पाहिलं, हे वहीत. ही वेगळी वही असते का ते विचारा. 'आमच्याकडे अशी वेळ येतच नाही' हे उत्तर खरं असू शकतं, पण वही तरीही असायला हवी.

फोन बंदीचं सांगायचं तर पहिले काही दिवस फोन मर्यादित ठेवण्यामागे कारण असू शकतं, विक्रेत्याचा नंबर त्यातच असतो. पण घरच्यांशी बोलताना समोर कर्मचारी बसलेला आणि स्पीकर चालू, हे कुठल्याच उपचारात बसत नाही. भेटीला गेलात तर पेशंटशी एकट्याने १५ मिनिटं बोलायची परवानगी मागा. या एका मागणीवर फार केंद्रांचा आवाज बदलतो.

---

अर्धविराम

आणि कामाचं काय? 'श्रमोपचार' म्हणून पेशंटकडून सगळी साफसफाई, स्वयंपाक करून घेतात.

---

कोपरा

आपली खोली, आपलं ताट, आळीपाळीने सामाईक जागा: ठीक, सामुदायिक उपचारपद्धतीचा तो भागच आहे. पण पेशंट आजारी पडले की केंद्राचा स्वयंपाक बंद पडत असेल तर ते पेशंट नाहीत, बिनपगारी कर्मचारी आहेत. पहिल्या आठवड्यात तर काहीच नाही. आणि औषधाच्या कपाटाची किल्ली पेशंटकडे कधीच नाही, कितीही 'सीनियर' झाला तरी.

---

टेकू

आता मधल्या काळाबद्दल, ज्याला चार्टवाचक यांनी दोन ओळींत उडवून लावलंय :)

तक्त्यावर 'गट चर्चा १० ते १२' असं लिहिलेलं असतं. त्या गटात किती जण? आठ ते बारा असतील तर चर्चा होते. चाळीस असतील तर ते व्याख्यान. व्यक्तिगत समुपदेशन आठवड्यातून किती वेळा, त्याच समुपदेशकाकडे की जो मोकळा असेल त्याच्याकडे? त्याच्या नोंदीत काय असतं? 'पेशंटला समजावले, पेशंट सकारात्मक' अशी ओळ पंधरा दिवस खाली उतरत गेली असेल तर समुपदेशन झालेलं नाही. नोंद अशी हवी: पिण्याची ओढ कधी लागते (पगाराचा दिवस, भांडणानंतर, एकटं असताना), त्यावेळी काय करायचं ठरलं, ते करून बघितलं का, कुठे अडलं.

भर गटात उभं करून लाज काढणं, डोकं भादरणं, गळ्यात पाटी, घरच्यांसमोर कबुलीजबाब. याला 'अहंकार मोडणं' म्हणतात. ही परंपरा बरीचशी १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सिनॅनॉनसारख्या संस्थांतून पसरली, तिथे एकमेकांवर शाब्दिक हल्ला हाच उपचार मानला जाई. पुढे ती संस्था हिंसाचारापर्यंत गेली आणि १९९१ मध्ये बंद पडली. अपमानाने व्यसन सुटतं याला आधार नाही. लोक उपचार अर्धवट सोडून जातात, एवढंच.

बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला नावं ठेवायची फॅशन आहे, तिकडेही झुकू नये. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा) दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) आणि त्याकडे नेणारे शिस्तबद्ध कार्यक्रम इतर मानसोपचारांइतकेच किंवा काहीसे सरस ठरले. फक्त तो एकमेव मार्ग नसावा आणि सक्ती नसावी. उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर तर अजून खात्रीचं औषध नाही. तिथे सर्वांत चांगला पुरावा आहे तो बक्षीस पद्धतीचा: लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच ठरलेलं छोटं बक्षीस, सलग आली तर वाढत जाणारं. ऐकायला पोरकट वाटतं, म्हणून केंद्रं करत नाहीत.

स्वतः व्यसनातून बाहेर आलेले कार्यकर्ते ही केंद्राची मोठी ताकद असते. पण सहा महिन्यांपूर्वी डिस्चार्ज झालेल्याला रात्रपाळी, औषधं आणि दाराची किल्ली एकदम देणं हे त्याच्यासाठीही वाईट आहे. त्याला प्रशिक्षण काय दिलं, त्याच्यावर देखरेख कोणाची, तो घसरला तर केंद्र काय करणार, हे विचारा.

---

दुसरी_बाजू

वरचा औषधांचा मुद्दा अंशतः मान्य. सराव मोडल्यावरच्या धोक्याचा असा विचार केला नव्हता. मग डायसल्फिरामचं (दारू प्यायली तर त्रास होईल अशी गोळी) काय? ते तर सगळीकडे देतात.

---

निशाचर

देतात, पण न सांगता जेवणातून किंवा पाण्यातून देतात, तिथे दर्जाचा प्रश्न संपलेलाच असतो. डायसल्फिराम पेशंटला पूर्ण समजावून, त्याच्या होकाराने, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी, यकृत आणि हृदय तपासून. गोळी थांबवल्यावरही सुमारे १४ दिवस दारूशी प्रतिक्रिया होऊ शकते: चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं. माहीत नसलेला माणूस घरी जाऊन पितो आणि थेट अतिदक्षता विभागात जातो. खोकल्याची काही औषधं आणि हात स्वच्छ करायच्या द्रावातही अल्कोहोल असतं, तेही सांगायला हवं. ज्याच्या घरी रोज गोळी समोर घेतली जाईल असं माणूस आहे त्याला याचा उपयोग जास्त. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट हे पर्याय आहेत. त्यांची नावंही न घेता फक्त डायसल्फिराम देत असतील तर का, ते विचारा.

---

अर्धविराम

'आमचं यश ९० टक्के' अशा जाहिराती असतात. यावर काय विचारायचं?

---

चार्टवाचक

कशाचे ९० टक्के? दाखल झालेल्या सगळ्यांचे, की कोर्स पूर्ण केलेल्यांचे, की ज्यांचा फोन लागला त्यांचे? समजा १०० दाखल झाले, ४० मध्येच गेले, उरलेल्या ६० पैकी वर्षाने २० जणांचा फोन लागला आणि १८ म्हणाले 'ठीक आहे'. झाले ९० टक्के. १०० पैकी धरले तर खात्रीचे १८. फोन न लागलेले बहुतेकदा पुन्हा सुरू झालेले असतात, त्यांना अपयशात मोजणं हीच प्रामाणिक रीत.

दुसरं, यश म्हणजे काय? पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास असल्याचं अमेरिकेची अमली पदार्थांवरची राष्ट्रीय संशोधन संस्था सांगते, रक्तदाब आणि दम्यातही थोड्याफार फरकाने तसंच चालतं. त्यामुळे घसरण झाल्यावर केंद्र काय करतं यात दर्जा आहे. परत आल्यावर ओरडतात, पूर्ण मुदत पहिल्यापासून लावतात, की का घसरलं हे बघून उपचार बदलतात? आणखी काही आकडे मागा: मध्येच सोडून गेलेले किती, रुग्णालयात हलवलेले किती, मृत्यू किती, पडणं-फिट-मारामारीच्या नोंदी किती. एकही घटना नाही असं सांगणाऱ्या केंद्रापेक्षा बारीकसारीक घटना लिहून ठेवणारं केंद्र चांगलं.

---

टेकू

शेवटचा टप्पा राहिलाच, घरी पाठवणं. बहुतेक ठिकाणी हे शेवटच्या सकाळी होतं: फाईल बंद, औषधांची पुडी, नातेवाइकांना दहा मिनिटांचा उपदेश. तयारी खरं तर दाखल झाल्याच्या आठवड्यातच सुरू व्हायला हवी, कारण राहायची जागा, काम, कर्ज, घरातली दुसरी पिणारी व्यक्ती, यातलं काहीही एका दिवसात सुटत नाही.

डिस्चार्जच्या कागदावर हे दिसलं पाहिजे: निदान, चालू औषधं डोससकट आणि कधीपर्यंत, कोणती थांबवली आणि का, रक्ताच्या तपासण्या (एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, क्षयरोगाची चाचणी झाली का), पुढच्या भेटीची तारीख आणि माणसाचं नाव. 'गरज वाटल्यास संपर्क साधा' ही भेट नव्हे. पहिली भेट सात दिवसांच्या आत, आणि न आल्यास फोन केंद्राने करायचा, पेशंटने नव्हे. मध्येच सोडून जाणाऱ्यालाही हा कागद आणि औषधं मिळाली पाहिजेत. 'नियम मोडून गेला, आता आमची जबाबदारी नाही' असं म्हणतात तो नेमका सर्वांत धोक्यातला माणूस असतो.

---

निशाचर

आणि अफूवर्गीय व्यसन असेल तर पुडीत नालोक्सोन. ते पेशंटच्या हातात देऊन उपयोग नाही, ओव्हरडोस झालेला माणूस स्वतःला देऊ शकत नाही. घरातल्या माणसाला शिकवायचं: हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास मंद किंवा घरघर, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. रुग्णवाहिका बोलवा, नाकात फवारा किंवा स्नायूत इंजेक्शन, श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसरा डोस, कुशीवर वळवून जवळ बसा. नालोक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, अंगातला पदार्थ त्याहून जास्त टिकू शकतो. त्यामुळे उठून बसला, 'मला काही झालं नाही' म्हणाला, तरी रुग्णालयात न्यायचंच. शुद्धीवर आल्यावर तो चिडलेला असणार आणि लगेच पुन्हा घ्यायला निघणार, याची घरच्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा.